परीक्षेला आणलेली सासू

रसायनशास्त्राच्या पोरांना नळ्या लागतात, प्राणिशास्त्राच्या पोरांना बरणीतले साप-विंचू लागतात, आणि मानसशास्त्राच्या पोरांना माणूस लागतो. जिवंत, बसता-बोलता माणूस. पुस्तकात त्याला 'प्रयुक्त' म्हणतात, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. आता नळ्या कॉलेज देतं, बरण्या कॉलेज देतं, माणूस मात्र ज्याचा त्याने घरून आणायचा. सरावाला आणि परीक्षेलाही. ही पद्धत ज्याने काढली त्याने मोहाची फुलं गळायच्या दिवसांत केशोरीकडच्या एखाद्या गावात रिकामा माणूस शोधून दाखवावा, मग बोलू.

रंजिता अर्जुनी मोरगावच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. तिला कॉलेजात घालणारी तिची सासू, अन्नपूर्णाबाई. नवरा लोकेश ट्रॅक्टर चालवायचा, बायकोने शिकावं की न शिकावं याबद्दल त्याचं काहीच म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते गावाचं. "सुनेले शिकवून का साहेबीन बनवतेस?" असं कोणीतरी बुद्धविहाराच्या ओट्यावर विचारलं, तेव्हा अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "बनवतो. तुया बापाचं का जाते?" विषय तिथेच संपला.

बाई तशीच होती. नवरा लवकर गेला. त्यानंतर भाताच्या रोवणीच्या बायांची टोळी घेऊन ती गावोगाव फिरली, चिखलात वाकून वाकून कंबर कायमची वाकडी करून घेतली, पण कोणापुढे तोंड वेंगाडलं नाही. बुद्धपौर्णिमेला विहारात सगळ्यांत मोठा आवाज तिचा. भांडणातही तिचाच. सही करायला मात्र साक्षरतेच्या वर्गात शिकली होती आणि सही करताना जीभ बाहेर काढायची. सून सकाळच्या गाडीने कॉलेजला गेली की तिच्या वाटणीचं झाडणं, पाणी, सारवण सगळं हीच उरकायची. वर आल्यागेल्याला सांगायची, "आमची सून मानसाचं मन वाचाचं शिकून राहिली." रंजिता कितीदा म्हणाली असेल, आई, मन वाचत नाहीत हो त्यात. पण ऐकतं कोण!

सरावाला प्रयुक्त म्हणून लोकेश बसेना. बसला की पेंगायचा. मग राहिली सासू. चुलीजवळ बसून रंजिता तिला अर्थ नसलेले शब्द पाठ करायला लावायची. मन कसं शिकतं, किती लवकर विसरतं, ते बघायचा प्रयोग असतो तो. अन्नपूर्णाबाईंनी ते 'लघ, टझ, पिम' असे घोकले की दुसऱ्या दिवशी बोअरिंगवर पाणी भरताना म्हणत बसल्या. बायांना वाटलं, म्हातारी कोणाला मूठ मारून राहिली.

मग व्यक्तिमत्त्वाची चाचणी आली. "नवीन माणसांत मिसळायला तुम्हाला अवघड जातं का? हो, नाही, की सांगता येत नाही?" रंजिताने विचारलं.

"कोनती मानसं? वडशाची का गोंदियाची?"

"आई, तसं नसतं. हो का नाही, एवढंच."

"मंग दोनी लिव."

सुरुवातीला बाई प्रत्येक गोष्टीला 'कायले?' विचारायची. हे शब्द कायले, हे घड्याळ कायले. तेव्हा रंजिताने तिला एकदा नीट समजावलं होतं, की प्रयोग कशासाठी आहे ते प्रयुक्ताला आधी सांगायचं नसतं. सांगितलं की माणूस मुद्दाम तसं वागतो आणि सगळा प्रयोग वाया जातो. "तिथे विचारायचं नाही, आई. मी जे म्हणते तसं फक्त करायचं. नियमच आहे तो." अन्नपूर्णाबाईंनी मान हलवली. त्यानंतर त्यांनी कधी 'कायले' विचारलं नाही. नियम म्हटला की बाई पाळायची, पंचशील पाळावं तसा.

परीक्षेसाठी मात्र रंजिताने सासूला धरलं नव्हतं. शेजारची दुर्गेश्वरी ठरली होती. बारावी झालेली, पंजाबी ड्रेस घालणारी, चारचौघांत नीट बोलणारी पोरगी. सरावाला सासू चालते, परीक्षेला दुर्गेश्वरी बरी, हे रंजिताच्या मनात कधी ठरलं ते तिलाही सांगता आलं नसतं. आणि नेमकं परीक्षेच्या सकाळी दुर्गेश्वरीला बघायला पाहुणे येणार म्हणून निरोप आला. झालं! रंजिताच्या पायाखालची जमीन सरकली. प्रयुक्त नाही तर प्रात्यक्षिक नाही, प्रात्यक्षिक नाही तर वर्ष वाया. गाव तर पहाटेपासून मोह वेचायला जंगलात गेलेलं, घराघराला कड्या.

ती धावत जंगलाच्या कडेला गेली. अन्नपूर्णाबाई शेजारणीसोबत, शामकलासोबत, झाडाखाली वाकलेल्या होत्या. सुनेचं रडवेलं तोंड पाहून त्यांनी काही विचारलंसुद्धा नाही. टोपली शामकलाकडे सरकवली, पदराला हात पुसले आणि निघाल्या. लुगडं बदलायला वेळच नव्हता. काळीपिवळी जीपवाला फाट्यावर हॉर्न वाजवत होता. गुडघ्यापर्यंत माती, पदराला मोहाचा चिकट डाग आणि अंगाला तो गोड आंबूस वास. गाडीत बसल्यावर रंजिताला तो वास पहिल्यांदा जाणवला आणि तिने खिडकीची काच खाली केली.

आता इथे रीताबद्दल सांगायला हवं. रीता म्हणजे रंजिताची कॉलेजातली मैत्रीण, बापाचं अर्जुनीत कापडाचं दुकान, घरात हिंदी. मागच्या दिवाळीत रंजिता तिच्याकडे जेवायला गेली, तेव्हा मोरीत एक बाई भांडी घासत होती. "तुम्हारे यहाँ बाई आती है क्या?" रीताच्या आईने सहज विचारलं. आणि रंजिता तितक्याच सहज म्हणाली, "आती है ना." कशाला म्हणाली? काही गरज होती का? कोणी गळा धरला होता का? पण म्हणाली. तेव्हापासून तिच्या घरी एक कामवाली होती, जी कुठेच नव्हती. रीता मधूनमधून तिची चौकशीही करायची आणि रंजिता कधी तिला ताप आणायची, कधी तिला सुट्टी द्यायची.

प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात सगळे आपापली माणसं घेऊन उभे होते. रीताने नागपूरला नर्सिंग शिकणारी मावसबहीण आणली होती. चंद्रकुमार म्हणून एक पोरगा होता, त्याने इस्त्रीचा शर्ट घातलेला मित्र आणला होता. त्यात ह्या दोघी आल्या. रीताची नजर अन्नपूर्णाबाईंच्या पायापासून वर गेली आणि ती हसून म्हणाली, "अरे, ये तुम्हारी कामवाली आंटी है क्या?"

नाही म्हणायला एक शब्द लागतो. रंजिताच्या तोंडातून निघालं, "हो. आमच्याकडे कामाला आहेत."

अन्नपूर्णाबाई तिच्या मागेच उभ्या होत्या. इतक्या जवळ, की ऐकू आलं नसेल असं म्हणायची सोय नव्हती. रंजिताने मागे वळून पाहिलं नाही. तिची कानशिलं अशी तापली की वाटलं आता सगळ्यांना दिसेल. तिने स्वतःला समजावलं, अल्का मॅडम म्हणाल्या होत्या ना, शक्यतो नात्यातला प्रयुक्त नको. अल्का मॅडम म्हणजे त्यांच्या विषयाच्या शिक्षिका. पण 'शक्यतो' म्हणाल्या होत्या, आणि तिकडे रीताची मावसबहीण ऐटीत उभीच होती. त्यामुळे ते समजावणं रंजिताच्या स्वतःच्याच गळी उतरेना.

तेवढ्यात घंटा झाली. तिच्या वाट्याला आरशातलं रेखाटन आलं. कागदावर एक चांदणी छापलेली असते, दोन रेघांची. प्रयुक्ताने दोन रेघांच्या मधून पेन्सिल फिरवायची. पण कागद थेट दिसत नाही, मध्ये पत्र्याचा आडोसा असतो आणि चांदणी दिसते ती समोरच्या आरशात, उलटी. भल्याभल्यांचा हात भलतीकडे जातो. पुन्हा पुन्हा केलं की हात हळूहळू शिकतो, तो कसा शिकतो हेच मांडायचं असतं.

"आपण या खुर्चीवर बसावे," रंजिता पुस्तकी भाषेत म्हणाली. प्रयुक्ताशी असंच बोलायचं असतं. सासूला तिने जन्मात 'आपण' म्हटलं नव्हतं.

"बसतो, म्याडम," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

म्याडम! सासूच्या तोंडावर राग नव्हता, रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. नुसती खाली मान. जी बाई गावात सरपंचाला अरेतुरे करते, ती हात जोडल्यासारखी खुर्चीच्या टोकावर बसली होती. रंजिताला वाटलं, यापेक्षा हिने चारचौघांत माझ्या थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

पहिल्या खेपेला पेन्सिल चांदणी सोडून कागदाच्या बाहेर गेली. जीभ बाहेर आली, कपाळाला घाम आला. शेजारच्या टेबलावर रीताची मावसबहीण खुदकन हसली. अन्नपूर्णाबाईंनी पेन्सिल कुदळ धरावी तशी घट्ट धरली होती. रंजिता वेळ मोजत होती, चुका टिपत होती आणि मनात एकच घोकत होती, आता सांगते, ही खेप झाली की सांगते. ती खेप झाली, पुढचीही झाली. हात हळूहळू वळणावर यायला लागला, रेघ थोडी सरळ होऊ लागली. सांगायचं मात्र राहिलंच.

मग बाहेरगावाहून आलेले परीक्षक टेबलापाशी आले. केस पांढरे, बोलणं मऊ. त्यांनी आकडे पाहिले, रंजिताला दोन-चार प्रश्न विचारले, आणि मग म्हणाले, "प्रयोगानंतर प्रयुक्ताला काय वाटलं, हे त्याच्याच शब्दांत घ्यायचं असतं. आज मीच विचारतो. या कोण?"

रीता कान टवकारून पलीकडेच होती. "सर, आमच्या घरी..." एवढं म्हणून ती थांबली.

"कामाले हाये जी मी यांच्याकडे," अन्नपूर्णाबाईंनी वाक्य पुरं केलं.

"बरं. मावशी, हे करताना काय वाटलं तुम्हाला?"

"का वाटन साहेब. हात इकडं नेतो म्हनलं त तिकडं जाते. आपलाच हात आपलं आयकत नाही. पयले लय राग आला. मंग म्याडमनं धीर देल्ला, त जमलं जरासंक."

"किती वर्षांपासून आहात यांच्याकडे?"

"यायचं लगन झालं तवापासून."

"कशा आहेत तुमच्या मॅडम?"

अन्नपूर्णाबाईंनी रंजिताकडे पाहिलं. रंजिताने टेबलाची कड धरली. आता बाई बोलणार, आणि बोलली तर तिचं चुकणार नाही.

"लय चांगली हाये जी. मले जेवाले वाढल्याबिगर तोंडात घास नाही घालत. माया पायाले काटा रुतला त सुई घेऊन बसते. पोटची पोरगी नाही करत असं."

परीक्षक एकदम खूश झाले. त्यांनी सगळ्या पोरांना हाक मारली. "हे बघा. प्रयोगात यंत्र चांगलं असून भागत नाही, प्रयुक्ताचा तुमच्यावर विश्वास लागतो. ही मुलगी घरात काम करणाऱ्या बाईशी कशी वागते, ते त्या बाईच्या तोंडून ऐका. याला म्हणतात माणसाचा आदर. मानसशास्त्र शिकून आणखी काय मिळवायचं असतं?" अल्का मॅडमनी कौतुकाने मान डोलावली. चंद्रकुमारने टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली.

टाळ्यांच्या मधोमध रंजिता उभी होती आणि तिला धरणीने पोटात घ्यावं असं वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणी साहेबाने तिचं चारचौघांत कौतुक केलं होतं, आणि ते अशा कामासाठी! तिने खाली पाहिलं. अन्नपूर्णाबाईही टाळ्या वाजवत होत्या.

बाहेर आल्यावर फाटकाजवळच्या टपरीवर परीक्षक आणि अल्का मॅडम चहा पीत होते. अन्नपूर्णाबाई रंजिताच्या बरोबरीने चालत होत्या, त्यांना पाहताच चार पावलं मागे झाल्या आणि रंजिताच्या खांद्यावरची पिशवी ओढून स्वतःच्या खांद्याला लावली. "आई, राहू द्या," रंजिता हळूच म्हणाली.

"चूप राय. तुये सर पाहून राहिले."

रंजिता पुढे चालू लागली. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला हायसं वाटलं, आणि हायसं वाटलं याची तिला जितकी लाज वाटली तितकी त्या खोटं बोलण्याचीही वाटली नव्हती. सासूचा घरचा मान, विहारातला आवाज, ते सगळं गुंडाळून ही बाई माझ्या मागून पिशवी घेऊन चालते आहे. किती लागलं असेल तिला, आणि तरी माझे मार्क सांभाळते आहे.

काळीपिवळीत अन्नपूर्णाबाई डोळे मिटून बसल्या. रंजिताने एकदा त्यांच्या हातावर हात ठेवून पाहिला, त्यांनी तो काढला नाही, धरलाही नाही. वाटेत ती मनात वाक्यं जुळवत होती. आई, मला माफ करा. आई, मी तुमची लाज वाटून घेतली. 'लाज' शब्दाशी येऊन वाक्य अडायचं. कितीही फिरवलं तरी तो शब्द टाळता येईना. घरी पोचताच, दार उघडायच्या आधी, पाय धरून सांगायचं असं तिने ठरवलं. मग बाई शिव्या देवोत, महिनाभर अबोला धरोत, काय वाटेल ते करोत.

पण अंगणात बाया होत्या. शामकला सकाळचा मोह वाळत घालत होती, सोबत आणखी दोघीतिघी. "आली वं परीक्षावाली!" त्यांनी एकच गलका केला.

आणि अन्नपूर्णाबाईंनी खांद्यावरची पिशवी ओट्यावर आपटली, कंबरेवर हात ठेवले आणि ज्या हसल्या, ज्या हसल्या, की डोळ्यांना पाणी आलं. दिवसभर कोंडून धरलेलं हसू होतं ते.

"आयका वं बायाहो! मले आज परीक्षेत कामवाली बनवलं!"

"का बनवलं?"

"कामवाली! सासू म्हनून सांगाचं नसते ना तिथं. मंग रंजितानं मले अशी बनवली, अन् मी बी अशी बनली, अशी बनली का सायबाले पत्ता नाही लागला. म्याडम म्हनलं मी हिले! पिशवी उचलली हिची! सायेब म्हनते, कशी हाये तुमची म्याडम? मी म्हनलं, लय चांगली हाये जी. टाया वाजवल्या सप्पायनं. गाडीत त मी डोरेच मिटून बसली, म्हनलं एखादा मास्तर असन गाडीत, हासू आलं त समदी परीक्षा बुडन."

बाया पोट धरून हसायला लागल्या. अन्नपूर्णाबाईंनी अंगणातच खुर्चीच्या टोकावर बसल्याची, हात जोडल्याची नक्कल करून दाखवली. रंजिता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दिवसभर जिला ती जखमी समजत होती, त्या बाईला ओरखडासुद्धा उमटला नव्हता. तिला वाटलंच नव्हतं की आपली सून आपली लाज वाटून घेईल. परीक्षेतली एखादी तऱ्हा असेल, नियम असेल, एवढंच तिने धरलं होतं, आणि नियम जिवापाड पाळला होता.

शामकला हसता हसता थांबली. "पर काऊन वं? सासू चालत नाही का परीक्षेले?"

"नाही ना. नियमच हाये तसा. विचार रंजिताले."

सगळ्यांनी रंजिताकडे पाहिलं. अन्नपूर्णाबाईंनीही पाहिलं, लाल झालेल्या, हसऱ्या तोंडाने. गाडीत जुळवलेली सगळी वाक्यं रंजिताच्या गळ्याशी आली. सांगितलं तर ते हसू आत्ता, इथे, या बायांसमोर मरणार होतं. न सांगितलं तर ते तिला जन्मभर ऐकायचं होतं, रोवणीच्या शेतात, लग्नाच्या मांडवात, जिथे चार बाया जमतील तिथे.

"हो," ती म्हणाली. "नियम आहे."

शामकला क्षणभर तिच्या तोंडाकडे पाहत राहिली आणि मग मोह पसरायला खाली वाकली. "पाह्य, म्हनलं नोहतं?" अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले, सुनेजवळ आल्या आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"पुढच्या साली दुर्गेश्वरी-गिर्गेश्वरी पाहू नको. मीच येतो. फक्त कोन बनाचं हाये, ते आधी सांगून ठेवजो मले."

रंजिता मान हलवून घरात गेली आणि सासूसाठी पाणी काढायला लागली.